गनीभाईंनी न मारलेलं प्यादं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाजारातून बांगडे आणले तर घरी येऊन पुन्हा मोजतो. वर्गात दोन मुलांचं एकच उत्तर सारखं चुकलं, तर आधी दोघांच्या बाकांमधलं अंतर बघतो. चिपळुणात गणित शिकवत अठ्ठावीस वर्षं काढली आणि त्यातली सोळा वर्षं आमच्या बुद्धिबळ मंडळाचा सेक्रेटरी आणि स्पर्धांचा पंच होतो. नाव हरिश्चंद्र खातू. या नावावरून लोकांनी करायची तेवढी थट्टा करून झाली आहे. पंचाने संशयीच असावं, असं मी मानत आलो. म्हणून गनीभाई होडेकरांची हकिगत सांगायची तर सुरुवात माझ्यापासूनच करावी लागते.

गनीभाई बुरोंडीचे. सतराव्या वर्षी बोटीवर गेले, इंजिनाला तेल घालायच्या कामावर. अर्धं जग फिरले, पण त्यांना एखाद्या बंदराबद्दल विचारलं तर तिथल्या इमारती, बाजार काही सांगता यायचं नाही. तिथे कोण कसा खेळायचा ते मात्र सांगायचे. अमुक बंदरातला एक हमाल घोडे कसा नाचवायचा, तमुक बोटीवरचा खानसामा हरला की आमटीत मीठ कसं जास्त घालायचा, अशा त्यांच्या आठवणी. एका युगोस्लाव इंजिनियरने त्यांना आधी वीस डाव हरवलं आणि मग परदेशी नियमांचं बुद्धिबळ नीट शिकवलं. नव्वद साली ते कायमचे परत आले आणि हर्णैच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात मशिनवर लागले. हात जाडजूड, नखांत काळं तेल. पण मोहरं उचलायचे ते सोनाराने नथ उचलावी तसं.

दर दुसऱ्या रविवारी ते बुरोंडीहून एसटीने चिपळूणला यायचे आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलांना फुकट शिकवायचे. जिल्ह्यात त्यांना हरवू शकणारे दोघे-तिघेच होते. त्यातला एक सावर्ड्याचा विनीत घाग. औषधांचं दुकान चालवणारा, तिशीतला, हुशार आणि जरा आगाऊ. हे दोघे पटावर बसले की बाकीचे खेळाडू आपले डाव सोडून बघायला जायचे, आणि मला त्यांना हाकलावं लागायचं.

ही गोष्ट २००१ च्या नोव्हेंबरातली. जिल्ह्याच्या चौघांच्या संघासाठी निवड स्पर्धा होती. शेवटच्या फेरीला गनीभाई आणि विनीत समोरासमोर आले. दोघांचेही साडेपाच गुण होते. बरोबरी झाली तर दोघांचे सहा होऊन दोघेही संघात नक्की. एक हरला तर हरणाऱ्याचं काही खरं नव्हतं, कारण मागून खेडचा बाबल्या शिर्के टपून बसला होता. हे गणित मला कळत होतं तसं सगळ्यांनाच कळत होतं.

त्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. कोपऱ्यातल्या टेबलावर गनीभाई आणि विनीत दिसले. विनीतने पिशवीतून खाकी कागदाचं पुडकं काढलं आणि टेबलाच्या कडेने पुढे सरकवलं. गनीभाईंनी ते उचललं, आजूबाजूला बघितलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. माझ्याकडे लक्ष जाताच ते हसले, पण ते हसणं मला जरा ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शेवटच्या फेरीच्या सकाळी प्रतिस्पर्ध्याकडून पुडकं घेतं कोण? मी चहा अर्धा टाकून उठलो.

डाव मात्र जोरात झाला. पावणेचार तास. मी डोळ्यात तेल घालून त्यांच्या भोवती फिरत होतो, आणि डाव जितका रंगला तितका माझा संशय वाढत गेला. ठरवूनच बरोबरी करायची असेल तर पंधरा चालींत हात मिळवून मोकळं व्हायचं असतं. एवढा घाम गाळायचा म्हणजे हे लोकांना दाखवायचं नाटक, असं मी स्वतःशी पक्कं केलं. संशयी माणसाला पुरावा कमी पडत नाही. साधी गोष्ट दिसली तरी त्यात त्याला काळंबेरं दिसतं.

शेवटी पटावर चारच मोहरी उरली. गनीभाईंचा राजा आणि हत्ती, विनीतचा राजा आणि एक प्यादं. गनीभाईंच्या घड्याळात दीड मिनिट होतं. इतका कमी वेळ असला की खेळाडूंना चाली लिहाव्या लागत नाहीत, म्हणून त्या मी बाजूला उभा राहून लिहीत होतो. विनीतचं प्यादं उघडं पडलं होतं, बरोबर हत्तीच्या रेषेत. कुणाचा आधार नाही, काही नाही. हत्तीने ते उचललं की एकटा राजा उरणार, आणि एकट्या राजावर हत्तीने मात तर गनीभाईंच्या रविवारच्या वर्गातली आठ वर्षांची मुलंही करायची.

गनीभाईंचा हात हत्तीकडे गेला. बोटं हत्तीच्या अगदी वर येऊन थांबली. आणि मग हात मागे आला. त्यांनी राजा एक घर पुढे सरकवला.

विनीतने एकदा पटाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्याचा राजा धावत प्याद्याच्या मदतीला आला, प्यादं घर घर पुढे गेलं, आणि ते वजीर होणार एवढ्यात गनीभाईंना हत्ती देऊन ते अडवावं लागलं. दोन राजे उरले. बरोबरी. गनीभाई उठले नाहीत. ते आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघत बसले. चोराला स्वतःच्या हाताची लाज वाटावी तसं मला ते वाटलं, आणि मी ते तसंच मनात नोंदवून ठेवलं.

बाबल्या पाचवा आला. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज आला की डाव विकला गेला आहे, चौकशी करा. खरं तर त्याने अर्ज दिला नसता तरी मी दिला असता. मंडळाची बैठक झाली. मी कँटीनमधलं पुडकं सांगितलं, मागे आलेला हात सांगितला. गनीभाईंना समोर बसवलं.

"प्यादं फुकट होतं. का नाही मारलंत?" मी विचारलं.

"नाय मारलं," ते म्हणाले.

"चूक झाली म्हणता?"

"चूकच."

"कसली चूक? तुमच्यासारख्या माणसाची अशी चूक होते?"

ते पुन्हा आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. "पुडक्यात काय होतं?" असं विचारल्यावर म्हणाले, "ती घरची गोष्ट हाय, सर." एवढंच. विनीतने औषधं होती म्हणून सांगितलं, पण औषधवाल्याने औषधं होती म्हणण्यात विशेष काय, असं सगळ्यांचं मत पडलं. प्यादं सोडणारा विनीत नव्हता, म्हणून तो सुटला. गनीभाईंवर दोन वर्षांची बंदी आली. ठरावाचा मजकूर मी स्वतः लिहिला. 'खेळाडूचे वर्तन संशयास्पद' हे शब्द माझे आहेत. अक्षरही माझंच, वळणदार.

दोन वर्षं झाली, बंदी उठली, पण गनीभाई परत आले नाहीत. रविवारचा वर्ग बंद पडला. खोलीत वाचनालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले. कुणी त्यांची आठवण काढली की मी म्हणायचो, निर्दोष असते तर भांडले असते. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की मला ते पाठ झालं होतं.

२००५ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मंडळाचं कपाटही बुडालं. पाणी ओसरल्यावर मी शाळेच्या गच्चीवर एकेक कागद वाळत घालत होतो. त्यात त्या डावाची गनीभाईंनी लिहिलेली नोंद निघाली. शाई पसरली होती, पण वाचता येत होती. विनीतच्या चौतिसाव्या चालीपुढे त्यांनी बरोबरीचं चिन्ह काढलं होतं. म्हणजे विनीतने तिथे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला होता, आणि पुढच्या चाली लिहिलेल्या होत्या, म्हणजे गनीभाईंनी तो नाकारला होता. मी त्या वेळी दुसऱ्या टेबलावरचं भांडण सोडवत असणार. बैठकीत हा कागद कुणी उघडून बघितला नव्हता. मीही नाही.

ज्याने डाव विकला आहे, तो चालून आलेली बरोबरी नाकारेल कशाला? मी गच्चीवर कागद हातात धरून उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. तरी बुरोंडीला जायला मला जानेवारी उजाडला. कधी शाळेचं काम, कधी पाय दुखतात, असली कारणं मी स्वतःलाच देत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

शेवटी एका रविवारी गेलो. दापोलीला एसटी बदलली, सकाळी अकराला बुरोंडीत उतरलो. सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि जांभ्याच्या गडग्यांमधून खाली उतरणारी वाट. गनीभाई पडवीतच बसले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून ते उठले, गोंधळले, आणि मग म्हणाले, "या सर, बसा. डाव संपत आला, एवढा होऊं दे."

समोर त्यांच्या बीबी बसल्या होत्या, कनीजभाभी. जाड भिंगांचा चष्मा, तरी मोहरं ओळखायला त्या प्रत्येकाच्या डोक्यावरून बोट फिरवत होत्या. मधे कापडाचा जुना पट अंथरलेला. कोनाड्यात डोळ्यांत घालायच्या औषधाच्या चार-पाच बाटल्या होत्या आणि त्यांवर सावर्ड्याच्या विनीतच्या दुकानाची चिठ्ठी. माझे डोळे तिथून हलेनात.

"ह्यांना वाटतं मला दिसत नाय," भाभी म्हणाल्या. "दिसत नाय तरी ह्यांचा वजीर मीच मारलाय. कोण आलंय?"

"चिपळूणचे खातू सर," गनीभाई म्हणाले.

भाभींचं बोट मोहऱ्यावरच थांबलं. "हां," त्या म्हणाल्या. "ठरावाचे सर." आणि आत हाक मारून सुनेला, नाझियाला, चहा टाकायला सांगितलं.

मी डाव बघत बसलो. खेळ आपल्याकडचा जुना होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं नाही. पण बाजूला मारून ठेवलेल्या मोहऱ्यांवरून भाभी सांगत होत्या, की सुरुवातीला माझ्या राजाने अडीच घरांची उडी मारलीन तेव्हाच हे अडकले. राजाची घोड्यासारखी उडी आता कुठल्या स्पर्धेत चालते? "माझ्या अब्बांनी शिकवलानी मला," त्या म्हणाल्या. "नाखवा होते. ह्यांना निकाहानंतर मी शिकवलं. परदेशी खेळ ह्यांनी बाहेर खेळावा. ह्या पटावर अब्बांचाच खेळ."

डाव भाभी हरत होत्या. त्यांचा राजा आणि एक प्यादं उरलं होतं. प्यादं उघडं, आणि गनीभाईंचा हत्ती त्याच रेषेत. गनीभाईंचा हात हत्तीकडे गेला. बोटं हत्तीच्या वर येऊन थांबली. आणि हात मागे आला. त्यांनी राजा एक घर पुढे सरकवला.

"घ्या की," भाभी हसल्या. "घ्या ना ते. होऊं दे बुर्जी."

बुर्जी. हा शब्द मी लहानपणी आजोबांकडून ऐकला होता आणि पार विसरलो होतो. जुन्या खेळात समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून त्याचा राजा एकटा पाडला तर तो विजय नव्हे. डाव तिथेच बरोबरीत संपतो, त्याला बुर्जी म्हणायचं. म्हणून जिंकत आलेला माणूस समोरच्याचं एक तरी प्यादं जपून ठेवतो आणि ते पटावर असतानाच मात करतो. या पडवीत गनीभाईंचा हात शेकडो वेळा असाच मागे आला असणार. वर्षातून दोन स्पर्धा आणि घरी रोज हा पट. पावणेचार तासांनी डोकं थकलं, घड्याळात दीड मिनिट उरलं, आणि हाताने घरचा नियम पाळला.

मी बोलायला तोंड उघडलं. गनीभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

मला कळेना. एका वाक्यात सगळा डाग धुऊन निघत होता, आणि हा माणूस नको म्हणत होता.

नाझियाने चहा आणि सांदणं आणून ठेवली. ती आत गेल्यावर भाभींनी मोहरी बाजूला सारली आणि माझ्या दिशेने तोंड केलं. "सर, आलात ते बरं झालं. एक विचारायचं हाय. ह्यांना विचारलं की गप्प होतात. तो डाव ह्यांनी विनीतला दिलानी का?"

"कनीज," गनीभाई म्हणाले.

"बोलूं दे मला. त्याच दिवशी हे विनीतकडची औषधं घेऊन आले. दापोलीत मिळत नव्हती, महागाची होती. माझ्या डोळ्यांसाठी. मला वाटतं ह्यांनी माझ्यासाठी डाव दिलानी. चार वर्षं मी ते थेंब डोळ्यांत घालते, आणि दर वेळी मनात येतं की हे ह्यांच्या इभ्रतीचे थेंब हायत." त्यांचा आवाज चढला होता. "खरं काय ते सांगा. तुम्ही तिथे उभे होतात."

आता मला कळलं. खरं सांगायचं तर सांगावं लागणार होतं की डाव तुमच्या अब्बांच्या नियमाने गेला, तुम्ही शिकवलेल्या हाताने गेला. थेंबांवरचा संशय जाऊन तो पटावर आला असता, आणि हा पट त्यांनी पुन्हा अंथरला नसता. गनीभाईंनी बायकोच्या नजरेत चोर होणं पत्करलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं.

मी चहाचा कप खाली ठेवला. "भाभी, त्यांनी डाव दिला नाही," मी म्हटलं. "घड्याळ बिघडलेलं होतं. पुढे पळत होतं. त्यांना दीड मिनिट दिसत होतं, खरी दहा मिनिटं शिल्लक होती. वेळ असता तर त्यांनी डाव जिंकला असता. घड्याळं तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नव्हतं, आणि नंतर कळलं तेव्हा लपवलं."

मग भाभींनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. शिक्षकाच्या जातीला लाज नाय, इथून सुरुवात झाली. प्रत्येक शब्द मला लागला आणि लागायलाच हवा होता, कारण घड्याळ सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे लिहून द्या. पेपरात येऊं दे. नाझिया मला वाचून दाखवील." मी हो म्हटलं. माझ्यापुढचं सांदण त्यांनी उचलून नेलं नाही, एवढी मेहरबानी केली.

गनीभाई एसटीपर्यंत सोडायला आले.

"घड्याळ बरोबर होतं, सर," ते म्हणाले. "मी डाव सुरू व्हायच्या आधी बघितलं होतं."

"ठाऊक आहे. मला तेव्हा एकट्याला तरी सांगायचं होतंत, गनीभाई."

"काय सांगू? बंदरं पालथी घातली, तुमच्या पोरांना शिकवलं, आणि शेवटी हात पडवीतला निघाला? चोर म्हणालात ते परवडलं. आणि हिच्या कानावर गेलं असतं तर हिने पट चुलीत घातलान असता. डोळे गेल्यापासून हिला तेवढंच हाय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुमचा खोटेपणा पचेल का तुम्हाला?"

"बघू," मी म्हटलं. एसटी आली.

फेब्रुवारीत मी मंडळाला पत्र दिलं आणि एका स्थानिक साप्ताहिकात ते छापून आणलं. गनीभाईंवरचा शेरा मंडळाने काढून टाकला. वर्ग पुन्हा सुरू करा म्हणून त्यांना निरोप गेला, आणि आता महिन्यातून एकदा ते येतात. मोडक्या खुर्च्या मीच बाहेर काढल्या. मला सेक्रेटरीपद सोडावं लागलं, पंच म्हणूनही आता कुणी बोलावत नाही. बाबल्या शिर्के सगळीकडे सांगत असतो, घड्याळ आपोआप पुढे पळत नाही, खातूने काहीतरी खाल्लंच असणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

परवा आमच्या सगुणाने, माझ्या बायकोने, कोलंब्या सोलता सोलता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, त्या घड्याळाचं नक्की काय झालं होतं? तुम्ही तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळी घड्याळं या टेबलावर मांडून तपासली होतीत. मी बघितलं होतं."

मी म्हटलं, "एक राहिलं असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून पुन्हा कोलंब्या सोलायला लागली, आणि तिला काय वाटलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.